स्विच बदलण्याआधी टेबलाखाली बघा: नेटवर्कमधल्या या चुका टाळा

"नेट स्लो झालंय, नवा स्विच घेऊन या." (स्विच म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर, प्रिंटर वायरींनी एकमेकांना जोडणारा डबा.) हा फोन आला की मी विचारतो, काल काय हलवलं? उत्तर ठरलेलं: "काहीच नाही हो!"

एका सीएंच्या ऑफिसातली गोष्ट. जुलैचा शेवट, रिटर्न भरायची घाई, आणि सकाळी अकराला टॅली, प्रिंटर, इंटरनेट सगळं ठप्प. मी पोचेपर्यंत राउटर तीनदा रीसेट झाला होता आणि इंटरनेटवाल्याचा उद्धारही. टेबलाखाली वाकलो तर आठ पोर्टच्या (वायर खोचायच्या भोकांच्या) स्विचचे दिवे एकाच तालात फडफडत होते. मोकळे पोर्ट असायला हवे होते दोन, होता एक. केर काढताना मावशींना एक वायर लोंबकळताना दिसली आणि त्यांनी ती रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवली. तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं.

याला लूप म्हणतात. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठीचा संदेश, आलं की स्विच ते बाकी सगळ्या पोर्टांतून बाहेर सोडतो. लूपमधून तेच परत आत येतं, पुन्हा बाहेर जातं. आयपी पॅकेटला (इंटरनेटवरच्या माहितीच्या तुकड्याला) टीटीएल, म्हणजे आयुष्याचा आकडा, असतो, फेऱ्या मोजून ते मरतं. इथरनेट फ्रेमला, म्हणजे वायरीतून ते वाहून नेणाऱ्या पाकिटाला, तशी सोय नाही, ती फिरतच राहते. यावरचा उपाय, स्पॅनिंग ट्री (लूप ओळखून जादाची वाट बंद ठेवणारी पद्धत), संगणकशास्त्रज्ञ राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच शोधला, पण साध्या अनमॅनेज्ड (सेटिंग नसलेल्या) स्विचमध्ये तो सहसा नसतो. सगळे दिवे एकत्र फडफडले तर एकेक वायर काढा, पाच सेकंद थांबा, दिवे शांत होतात का बघा. रीसेटची घाई नको. माझ्या हातची वायर एका टोकाने कधीच लोंबकळत नाही. एकतर दोन्हीकडे लावलेली, नाहीतर गुंडाळून पिशवीत.

कपाटातला जुना हब "तात्पुरता" जोडू नका. हब काही वाचत नाही, एका पोर्टवर आलेलं बाकी सगळ्यांकडे ढकलतो. त्यामुळे हबवर एका वेळी एकाच कॉम्प्युटरने बोलायचं. स्विच प्रत्येक यंत्राचे मॅक पत्ते (त्याची ओळख सांगणारे क्रमांक) लक्षात ठेवून नेमक्या पोर्टवर पाठवतो. दुकानदार अजून स्विचलाही हबच म्हणतात, तेव्हा खोक्यावरचं वाचा.

आता माझं खरं दुखणं: क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकाला जॅक दाबून बसवणं. वायरीत आठ तारा असतात, पिळलेल्या चार जोड्यांत. "दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असला की झालं," हे शिकवणाऱ्याला एकदा भेटायचंय. जॅकमधल्या ३ आणि ६ नंबरच्या पिनला एकाच जोडीच्या तारा लागतात. हिरव्या जोडीच्या दोन्ही तारा शेजारी-शेजारी लावल्या तर साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात आणि फाईल कॉपी मात्र रडत चालते. मी कायम ५६८बी हा ठरलेला क्रम लावतो: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही, वरचं आवरण जॅकच्या आत गेलं पाहिजे. एक तपकिरी तार नीट बसली नाही तरी गिगाबिटची (१००० एमबीपीएसची) लिंक १०० एमबीपीएसवर येते.

बाकी किरकोळ. जुना राउटर स्विच म्हणून वापरताना त्याचं डीएचसीपी (आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करा आणि वायर लॅन पोर्टात घाला. तांब्याची वायर १०० मीटरच्या पुढे ओढू नका. एका बाजूला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडून बोलणं) सक्तीचं, दुसरीकडे ऑटो (आपापसात ठरवणं), असं करू नका, दोन्हीकडे ऑटो. आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. ५ व्होल्टच्या स्विचला १२ चा अडॅप्टर "बसला होता", असं परवा एकाने सांगितलं. बसणारच, भोक तेवढंच असतं.