हिब्रू सर्वनामं वापरताना या चुका टाळा

हिब्रू बोलायला लागलेल्या मराठी माणसाची पहिली चूक बहुधा आदरापोटी होते. डोक्यात ‘तुम्ही’ असतं, म्हणून वडीलधाऱ्यांना तो ‘अतेम’ म्हणतो. आजच्या हिब्रूत असं आदरार्थी बहुवचन नाही. समोर एक पुरुष असेल तर ‘अता’ आणि एक बाई असेल तर ‘अत’, मग ती व्यक्ती शेजारी असो की प्राध्यापक. ‘अतेम’ अनेकांसाठीच.

दुसरा घोटाळा सारख्या उच्चाराचा. हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण, आणि ‘अनी’ म्हणजे मी. पाणी हवंय म्हणून पुरुषाने ‘मी रोत्से मायिम’ म्हटलं, तर त्याचा अर्थ ‘पाणी कोणाला हवंय?’ असा होतो. ‘अनी रोत्से मायिम’ म्हणा. बाईने ‘अनी रोत्सा मायिम’ म्हणावं.

नपुंसकलिंगी ‘ते’ही विसरा. मराठीत टेबल आणि दार दोन्ही नपुंसकलिंगी, पण हिब्रूत शुल्खान (टेबल) पुल्लिंगी म्हणून ‘हू’ (तो), तर देलेत (दार) स्त्रीलिंगी म्हणून ‘ही’ (ती).

सगळ्यात जास्त चुका होतात त्या शब्दयोगींपाशी. ‘मला पाहतो’ यासाठी ‘रोए एत अनी’ असं जोडकाम चालत नाही. ‘एत’ (कर्म दाखवणारा शब्द) आणि सर्वनाम मिळून एकच शब्द होतो: ओती (मला), ओत्खा (तुला, पुरुष), ओताख (तुला, स्त्री), ओतो (त्याला), ओता (तिला), ओतानू (आम्हाला किंवा आपल्याला). ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे पुरुष स्त्रीला सांगतो ‘अनी ओहेव ओताख’, स्त्री पुरुषाला ‘अनी ओहेवेत ओत्खा’. क्रियापदाचं लिंग बोलणाऱ्याचं, सर्वनामाचं लिंग ऐकणाऱ्याचं. ही दोन लिंगं वेगळी ठेवली की निम्मा गोंधळ मिटतो. ‘ल’ (ला) याचंही तसंच: ली, लेखा, लाख, लो, ला. ‘अल’ (वर) मात्र वेगळ्या वळणाचं: अलाय, अलेखा, अलाइख, अलाव, अलेहा. हे तक्ते मोठ्याने म्हणून पाठ करा. वाक्य सुरू झाल्यावर रूप जुळवायला वेळ नसतो.

स्वरचिन्हांशिवाय छापलेल्या मजकुरात ओत्खा आणि ओताख, लेखा आणि लाख एकसारखेच दिसतात. वाचण्याआधी मजकूर कोणाला उद्देशून आहे ते पाहा. जुन्या प्रार्थनांतून हिब्रू शिकलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ‘मोदीम अनाख्नू लाख’ इथला ‘लाख’ देवाला उद्देशून, म्हणजे पुल्लिंगी आहे. बोलताना पुरुषाला ‘लेखा’च म्हणा.

मालकी सांगताना मात्र मराठीवर बिनधास्त विसंबा. ‘मला भाऊ आहे’ हे थेट ‘येश ली आख’. पण माझा, माझी, माझं असे बदल ‘शेली’त होत नाहीत, वस्तू कोणत्याही लिंगाची असली तरी ‘शेली’च. नामाआधीचा ‘हा’ (मराठीतला ‘हा’ नव्हे, इंग्रजी ‘the’सारखा) विसरू नका: ‘हासेफेर शेली’ म्हणजे माझं (ठराविक) पुस्तक. ‘इमा शेली’ (माझी आई) आणि ‘अबा शेली’ (माझे वडील) यांना तो लागत नाही.

‘हे पुस्तक’ म्हणायला ‘झे सेफेर’ म्हटलंत, तर वाक्य पूर्ण होऊन ‘हे पुस्तक आहे’ असा अर्थ निघतो. दर्शक शब्द नामानंतर आणि दोन्हींना ‘हा’ लावून येतो: हासेफेर हाझे, हादेलेत हाझोत.

भूतकाळात ‘कातावती’ एवढंच पुरे, ‘मी लिहिलं’ त्यातच आलं. वर्तमानकाळात ‘कोतेव’वरून कोण लिहितोय ते कळत नाही, तिथे सर्वनाम हवंच. भविष्यकाळातलं ‘तिख्तोव’ पुरुषाला उद्देशून ‘तू लिहिशील’ही आहे आणि ‘ती लिहील’ही, म्हणून तिथे ‘अता’ किंवा ‘ही’ जोडा.