मुलाची वही कशी लिहायची आणि ती दुसऱ्याच्या हाती कशी सोपवायची

माझा लेक एकोणीस वर्षांचा. बौद्धिक अक्षमता आहे, फिटचा त्रास आहे, आणि वजन माझ्यापेक्षा जास्त. त्याचं उठणं-बसणं करून माझी कंबर धरलीये. पण जास्त दमवतं ते 'त्याचं फक्त मलाच कळतं' हे. मग नात्यातलं लग्न असलं की एक जण मांडवात, एक जण घरी. माहेरपण तर विसरायचंच. म्हणून सांगते, त्याला सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसासाठी वही लिहा.

शाळेची साधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, आजीला ते उघडता येत नाही. पहिल्या पानावर औषधं: नाव, डोस, वेळ. त्याखाली ठळक अक्षरात फिटचं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.

पुढची पानं खुणांची. आमच्या वहीत असं आहे: 'शर्टाचं खालचं बटण ओढायला लागला की शू लागलीये. मिक्सर लावण्याआधी सांगायचं, नाहीतर कान दाबून खाली बसतो. भाताला वरण वेगळ्या वाटीत; वरून ओतलं तर ताट सरकवतो.' एवढं बारीक लिहा. 'प्रेमाने वागा' असलं काही लिहू नका, त्याचा कुणाला उपयोग नाही.

आता सोपवणं. माणूस एकच ठरवा, आत्या किंवा मावशी, आणि वारही तोच. सुरुवातीला तुम्ही आतल्या खोलीत थांबा, हाक आली तरी लगेच धावू नका. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, मग अख्खी दुपार. त्या दुपारी बँकेची कामं काढायची नाहीत! झोपा. कंबर दाखवून या. झोपच उडाली असेल, कारण नसताना रडू येत असेल तर १४४१६ हा सरकारचा मानसिक आरोग्याचा मदत क्रमांक (टेली-मानस) फिरवा, फुकट आहे.

नवऱ्याला 'जरा मदत करा' म्हणू नका. एक काम आख्खं द्या. आमच्याकडे अंघोळ आणि दाढी बाबांची. मुलगा वयात आल्यावर ते बरंही दिसतं, आणि त्यालाही लाज-संकोच कळायला लागतो.

वहीच्या शेवटी कागदपत्रांच्या झेरॉक्स: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आणि राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या 'निरामय' आरोग्य विम्याचं कार्ड (वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो). प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर अशा मुलासाठी (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०डीडी) ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अक्षमता ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याच्या नजरेत आपण आपोआप पालक राहत नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी त्या समितीत असतात.

आपल्यानंतर कोण, हा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा मुलाच्या धाकट्या बहिणीकडे वळतात. वही तिला जरूर वाचू द्या. पण तिला न विचारता नातेवाइकांसमोर 'ती बघेलच की' म्हणू नका. आमची यंदा दहावीला आहे. परीक्षा होऊ दे, मग बसून बोलू.