संवत १९२१ मधून ५७ वजा करताना

माझ्या पहिल्या शोधनिबंधात एक दूरदर्शी कापूस व्यापारी होता. १८६५ साली मुंबईचा शेअर बाजार कोसळला, त्याच्या वर्षभर आधीच त्याने आपल्याजवळचे बहुतेक शेअर विकून टाकले होते, असे मी त्याच्या पेढीच्या वह्यांच्या आधारे मोठ्या उत्साहाने लिहिले होते. व्यापारी खरा होता, वह्या खऱ्या होत्या आणि विक्रीही खरी होती. दूरदृष्टी मात्र माझ्या वजाबाकीतून आली होती. पुराभिलेखांच्या आधारे व्यापाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांनी ही चूक करू नये, म्हणून ती जरा विस्ताराने सांगतो.

वह्या मुंबईच्या मांडवीतल्या एका जुन्या कुटुंबाकडे होत्या. व्यापारी गुजराती हस्ताक्षरात काना-मात्रा सर्रास गाळलेल्या असतात, त्यामुळे ते अक्षर डोळ्यांत बसायलाच मला पाच महिने लागले. शेअर विकल्याच्या नोंदी आषाढ शुद्ध पक्षातल्या, संवत १९२१ मधल्या होत्या. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो, हे शाळेपासून पाठ असल्यामुळे मी १८६४ असे लिहून मोकळा झालो. गुजरातेतला विक्रम संवत कार्तिकात, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला बदलतो. त्यामुळे पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच्या नोंदींसाठी ५७ आणि १ जानेवारीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतच्या नोंदींसाठी ५६ वजा करावे लागतात. वर्षाचे साधारण साडेनऊ-दहा महिने ५६ चे असतात आणि आपण पाठ केलेला असतो तो ५७ चा आकडा. माझा आषाढ १८६५ चा होता. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, युद्धामुळे अडलेला अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार ही बातमी मुंबईत पोचताच इथल्या कापसाचे चढलेले भाव गडगडले आणि १ जुलैला पुरे करायचे शेअरचे वायदे लोकांच्या गळ्याशी आले. माझा दूरदर्शी व्यापारी नेमक्या त्याच दिवसांत, इतर सगळ्यांबरोबर, मिळेल त्या भावाने विकत होता.

प्रकरण एवढ्यावर संपत नाही. उत्तर भारतीय पद्धतीचा संवत चैत्रात बदलतो, आणि तिकडे महिना पौर्णिमेला संपत असल्यामुळे वद्य पक्षातल्या तिथीला आपल्याकडच्या पुढच्या महिन्याचे नाव असते. मराठी कागदांत शके असतो. त्यात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि त्यापुढे फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे. सरकारी हिशेबाचे वर्षही तेव्हा आजचे नव्हते: १८६६ पर्यंत ते १ मे ते ३० एप्रिल असे चाले, १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे झाले आणि तेव्हापासून १ एप्रिल ते ३१ मार्च ही पद्धत आली. म्हणजे ‘१८६४-६५’ या मथळ्याखालचे सरकारी निर्यातीचे आकडे एप्रिल १८६५ अखेर संपतात, जुलैच्या पडझडीचा त्यांच्यात मागमूस नसतो, आणि त्यांच्या शेजारी संवत १९२१ चे आकडे ठेवून तुलना केली तर ती दिसायला सुबक आणि मुळात खोटी ठरते. यावर उपाय सोपा पण कंटाळवाणा आहे. बहुतेक वह्यांत तिथीबरोबर वारही लिहिलेला असतो. तिथी, वार आणि इसवी तारीख जुन्या पंचांगावरून ताडून पाहावी, आणि पंचांग हाताशी नसेल तर त्याच सुमाराच्या वर्तमानपत्रातली तारीख व तिथी पाहावी. १८२२ पासून निघणारे ‘मुंबई समाचार’ यासाठी फार उपयोगी पडते. १ जुलै १८६५ रोजी शनिवार होता. माझ्या वहीतला वार मी एकदा जरी तपासला असता, तरी निबंध बचावला असता.

मला वाचवले ते एका वयस्कर प्राध्यापकांनी. संपूर्ण निबंध वाचून त्यांनी एवढेच विचारले, “विकून पैसे किती आले?” मी ते पाहिलेच नव्हते. तेजीच्या ऐन भरात विकणाऱ्याला दर्शनी किमतीपेक्षाही कमी रक्कम का मिळावी, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की सिद्धान्तांची यादी हाती देणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा असा रुक्ष प्रश्न विचारणारा मार्गदर्शक शोधावा, मग तो तुमच्या विभागातला नसला तरी चालेल.

जागांबद्दल थोडक्यात. काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात ‘उद्योग’ नावाचा खण शोधू नये. एकोणिसाव्या शतकातले सरकारी कागद महसूल, सार्वजनिक बांधकाम, न्याय अशा विभागांनुसार बांधलेले आहेत, आणि तुमची गिरणी जमिनीच्या, पाण्याच्या किंवा धुराच्या तक्रारीच्या निमित्तानेच त्यांत डोकावते. म्हणून आधी निर्देशसूची वाचण्यात आठवडाभर घालवावा. तो वाया गेला असे वाटेल, पण जात नाही. विक्रोळीचे गोदरेज अभिलेखागार किंवा पुण्याचे टाटा सेंट्रल आर्काइव्हज येथे जाण्यापूर्वी आपला विषय लेखी कळवून परवानगी घ्यावी. कंपनीने जपलेल्या कागदांत कंपनीचा आवाज मोठा असणार हे उघड आहे. कामगारांची बाजू पाहायची असेल, तर १९२१ पासून मुंबईच्या लेबर ऑफिसने काढलेले ‘लेबर गॅझेट’ चाळावे. १८७५ साली स्थापन झालेल्या गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल त्याच्या जोडीला ठेवले म्हणजे एकाच संपाची दोन वर्णने समोरासमोर येतात.

वहीखात्यांबाबत आणखी एक इशारा. देशी पद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते, तर इंग्रजी खातेवहीत नेमके उलटे असते. अर्धी पाने इंग्रजी वळणाची आणि अर्धी देशी असलेली वही हाती आली, तर येणे आणि देणे यांची अदलाबदल व्हायला क्षणही पुरत नाही. रुपये-आणे-पै यांचे गणित तुम्हाला येत असेलच. कापूस मोजायचे वजनाचे माप म्हणजे खंडी, आणि मुंबईची खंडी ७८४ पौंडांची असे, एवढे मात्र लिहून ठेवा.

मोबाइलवर धडाधड फोटो काढून घरी वाचू म्हणणाऱ्यांविषयी मला फारशी आशा वाटत नाही. माझ्याकडेही असे सुमारे चारशे फोटो आहेत, ज्यांचा खंड आणि पान क्रमांक मी लिहिला नव्हता. ते आता केवळ जुन्या कागदांची चित्रे आहेत. दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेला संदर्भ मूळ कागद न पाहता वापरणे तर सरळ गुन्हाच मानावा. तरीही घाबरून जाऊ नये. पहिले काही महिने कोणालाच काही वाचता येत नाही, मलाही येत नव्हते, आणि चुकलेला निबंध मागे घेतल्याने कोणाचे शिक्षण थांबल्याचे मी पाहिलेले नाही.

सध्या मी त्याच पेढीची संवत १९२२ ची वही वाचतो आहे. पहिल्या पानावर नेहमीप्रमाणे लाभ-शुभ लिहिले आहे, खाली मागील वर्षाची बाकी ओढली आहे आणि ती देण्याची आहे. ही रक्कम त्याने फेडली की नाही, ते अजून कळलेले नाही. या वेळी वार तपासत चाललो आहे, म्हणून वेग कमी आहे.