रस्त्यावरच्या कुत्र्याला हात लावण्याआधी

रस्त्यावरच्या जखमी-आजारी कुत्र्यांना वाचवायच्या कामात यायचं मनात असेल तर आधी स्वतःच्या दंडावर रेबीजची लस टोचून घ्या. चावा बसण्याआधीचा कोर्स तीन इंजेक्शनांचा: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. तो पूर्ण असला तरी पुढे कधी दात लागला, तर त्याच दिवशी आणि ३ऱ्या दिवशी असे दोन डोस घ्यावेच लागतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, तिच्यात हळद-मिरची भरायची नाही, आणि थेट मेडिकल नाहीतर मेयो, ही आपल्या नागपूरची सरकारी रुग्णालयं, गाठायचं. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस हाती लागत नाही.

नव्या मुलामुलींची तळमळ बघून मला भरून येतं. पण गाडी स्टँडला लागायच्या आत ती कुत्र्याकडे धावतात. तिथेच मी त्यांना अडवते. दहा-पंधरा फुटांवर उभं राहून आधी नीट बघा. कोणता पाय टेकत नाही, श्वास कसा चाललाय, शेपूट पोटाशी घेतली आहे का, ओठ वर उचलला जातोय का. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, दिसेल त्याला चावत सुटलंय, असं असेल तर हात लावू नका. लोकांना लांब ठेवा आणि महानगरपालिकेला कळवा. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, म्हणजे कुत्रं बहुतेक त्याच मोहल्ल्यातलं.

मग पानठेल्यावर चौकशी करा. मोहल्ल्यातल्या कुत्र्यांची खबर ठेलेवाल्याइतकी कोणाला नसते. मानेवाड्याकडच्या एका गल्लीत, उभ्या ट्रकखाली शिरलेली एक भुरी कुत्री कोणालाच जवळ येऊ देत नव्हती. मागचे दोन्ही पाय ओढत होती. ठेलेवाले काका आले, खाली बसले आणि म्हणाले, "ये माय रानी, भेऊ नको." ती पोटावर सरकत बाहेर आली. आम्ही मुसकं बांधेपर्यंत काकांचं बोट तिच्या कानामागे फिरत होतं.

मुसक्याला वेगळं काही लागत नाही. उन्हात आपण तोंडाला बांधतो तो सुती दुपट्टा पुरतो. त्याची लांब पट्टी करा, मधोमध सैल फास ठेवा. समोरून न जाता बाजूने तो नाकाडावर सरकवा, आवळा, टोकं हनुवटीखाली आणून पुन्हा एक वेढा द्या आणि कानांच्या मागे ओढताच सुटेल अशी गाठ मारा. दुखणारं कुत्रं ओळखीच्या हातालाही चावतं, त्यात त्याचा दोष नाही. मात्र उलट्या होत असतील, धाप लागली असेल किंवा ऊन लागलं असेल तर मुसकं अजिबात नको. धापा टाकूनच ते आपलं अंग थंड करतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा अशा कुत्र्याला सावलीत न्या, पोटावर आणि पंजांवर साधं पाणी टाका, वारा घाला. बर्फ नको, आणि तोंडात पाणी ओतू नका.

कंबर मोडल्यासारखी वाटली तर पाय धरून उचलू नका. जाड चादर किंवा प्लायचा तुकडा अंगाखाली सरकवा आणि दोघांनी मिळून ऑटोत ठेवा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा. वाटेत आपल्या मनाने क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका, ही औषधं कुत्र्याच्या जिवावर बेततात. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेल्या दिसतात. लोक त्यात फिनाईल, रॉकेल, पेट्रोल ओततात. बघवत नाही. ओतणाऱ्याचा हात धरा आणि कुत्र्याला डॉक्टरकडे न्या.

एकटी पिल्लं दिसली की लगेच उचलू नका. आई खायला शोधायला गेलेली असते. लांबून वाट बघा. ती आलीच नाही आणि पिल्लं गार पडली असतील तर आधी ऊब द्या. गार पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही.

आणि उचलण्याआधीच ठरवा की उपचारानंतर ते कुठे राहणार, ड्रेसिंग कोण करणार. घरी कुत्रा असेल तर नवं जनावर वेगळ्या खोलीत ठेवा. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो. बरं झालेलं कुत्रं त्याच्याच जागी सोडायचं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याला मूळ जागीच सोडायचं आहे. दुसऱ्या मोहल्ल्यात सोडलं तर तिथली कुत्री त्याला फाडतात. शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश वेगळा आहे, तिथे आधी मनपाशी बोला. सोडायला सकाळी जा, ठेला उघडल्यावर. कोणती गोळी किती दिवस द्यायची ते कागदावर मराठीत लिहून ठेलेवाल्याच्या हातात द्या आणि त्याच्याकडून एकदा वाचून घ्या.