बहरीनच्या निदर्शनांची बातमी कशी वाचावी

‘सुन्नी राजा, शिया जनता’ एवढ्यावर बहुतेक बातम्या बहरीनचा विषय उरकतात. यात खोटं काही नाही. अल खलिफा घराणं सुन्नी आहे आणि नागरिकांमध्ये शिया जास्त आहेत. पण तेवढंच धरून बसलं की भांडण नेमकं कशावरून आहे, हेच निसटतं.

आधी तारीख बघा. १४ फेब्रुवारी असेल तर मूळ २००१ सालात आहे. त्या दिवशी राष्ट्रीय कृती सनदेवर, म्हणजे राज्यकर्त्याने मांडलेल्या राजकीय सुधारणांच्या आराखड्यावर, सार्वमत झालं आणि ९८.४ टक्के मतं बाजूने पडली. लोकांना खरे अधिकार असलेली संसद हवी होती. २००२ च्या राज्यघटनेने मात्र निवडून आलेल्या ४० जणांच्या जोडीला राजाने नेमलेले ४० जण बसवले. २०११ ची निदर्शनं त्याच तारखेला, दहा वर्षांनी सुरू झाली. म्हणजे मूळ तक्रार राज्यघटनेची. पंथ तिच्यात गुंतत गेला.

मग फोटो तपासा. वर मोती पेलणारा उंच पांढरा स्तंभ दिसला तर तो राजधानी मनामाचा पर्ल चौक, २०११ च्या निदर्शनांचं केंद्र. हा स्तंभ सरकारने १८ मार्च २०११ रोजी पाडला, त्यामुळे नंतरच्या घटनेला तो फोटो जोडला असेल तर बातमीकडे संशयाने बघा. सित्रा, दिराझ ही नावं शिया वस्त्यांची. अल फतेह मशिदीपाशी जमलेली गर्दी बहुतांशी सुन्नी आणि राजनिष्ठ, पण तिलाही सरकारकडून सुधारणा हव्या होत्या. हा तपशील दोन्ही बाजूंचे प्रचारक गाळतात.

पक्षांची नावं शोधा. अल-विफाक हा शिया पक्ष होता; २०१६ मध्ये तो बरखास्त झाला. २०१० मध्ये त्याला ४० पैकी १८ जागा मिळाल्या. ‘वाद’ (वअद) नावाचा पक्ष मात्र डाव्या, धर्मनिरपेक्ष विचारांचा होता; २०१७ मध्ये तोही बरखास्त झाला. त्याचे नेते इब्राहिम शरीफ स्वतः सुन्नी, आणि तरीही तुरुंगात गेले. पंथाच्या चौकटीत ते बसत नाहीत, म्हणून बातमीतून गळतात.

सर्वांत जास्त घोटाळा ‘इराणचा हात’ या शब्दांपाशी होतो, म्हणजे शियाबहुल इराणने निदर्शनं घडवली या आरोपापाशी. या घटनांच्या चौकशीसाठी राजानेच नेमलेल्या बसिऊनी आयोगाने २३ नोव्हेंबर २०११ रोजी अहवाल दिला. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमधल्या घटनांशी इराणचा स्पष्ट संबंध समोर आलेल्या पुराव्यांतून दिसत नाही, असं त्यात म्हटलं आहे. बाहेरचं सैन्य आलं ते सरकारच्या मदतीला, १४ मार्चला, सौदीतून, समुद्रावरच्या पुलावरून.

मृतांचा आकडा कुठल्या तारखेपर्यंतचा आणि त्यात कोण धरलं आहे, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नका. आयोगाचा ३५ हा आकडा १५ एप्रिल २०११ पर्यंतचा आहे. त्यात सुरक्षा दलांचे पाच जण आहेत, आणि कोठडीतल्या छळामुळे मेलेले पाच जणही.