भंगारातला चेनसॉ घेताना

इंदूरच्या सियागंज बाजारात जुना चेनसॉ (इंजिनवर चालणारी साखळीची करवत) हाती आला की मी आधी सायलेन्सर उतरवून टॉर्चने पिस्टन बघतो. उभे खोल ओरखडे दिसले, तर बहुधा तेल न मिसळलेल्या पेट्रोलवर चालवलाय; परत ठेवा. गुळगुळीत असेल तर भाव करा.

घरी आणल्यावर लगेच दोरी ओढू नका. टाकीतलं शिळं पेट्रोल काढा, कार्ब्युरेटर उघडा. आतला डायफ्रॅम (पातळ पडदा) मऊ हवा. पापडासारखा कडक झाला असेल तर बदला, इंधनाची नळीसुद्धा. माझ्या पहिल्याच्या क्लचमध्ये सागाचा भुसा इतका घट्ट बसला होता की टूथब्रशने खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. फार सुंदर संध्याकाळी होत्या त्या!

स्पार्क प्लगच्या टोकांमधला गॅप ०.५ मिमी. जुन्या मशीनला लिटरभर पेट्रोलमागे ४० मिली टू-स्ट्रोक तेल घालतो. चेनब्रेक (झटका बसला की साखळी थांबवणारा ब्रेक) नसलेल्या चेनसॉने मी लाकूड कापत नाही.