ओहोळ तपासायला जाताय? आधी या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या रानात ओहोळ दिसला की सगळे एकच म्हणतात, "पाणी बघा, काच आहे काच!" तळाचा खडा दिसला म्हणजे ओहोळ ठणठणीत, असा हिशेब. पण ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारलेल्या डोहाचं पाणीही दुसऱ्या दिवशी काचेसारखंच असतं. त्यात हलत मात्र काहीच नसतं.

म्हणून पहिली चूक ही, की काठावर उभं राहून निकाल द्यायचा. चपला काढा, खळखळत्या पाण्यात उतरा आणि दोन मुठींएवढा दगड उचलून उलटा करा. पोटाच्या कडेला कल्ल्यांची पिसं हलवणारी, बहुधा तीन शेपट्यांची अळी दिसली तर ती मेफ्लाय या कीटकाची. शेपट्या दोनच, पोटाला कल्ले नाहीत आणि प्रत्येक पायाला दोन नख्या, तर स्टोनफ्लाय. तिला थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं, त्यामुळे ती भेटली की मी तरी खूश होतो. दगडाला वाळूच्या कणांची इवलीशी नळी चिकटली असेल तर ते कॅडिसफ्लायच्या अळीचं घर. घाण समजून ते खरवडू नका. हे तिन्ही प्रकार गायब आणि गाळात नुसत्या लालभडक अळ्या वळवळताहेत, असं असेल तर वरच्या अंगाला काहीतरी बिघडलंय. त्या अळ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे लाल असतात आणि कमी प्राणवायूतही तग धरतात.

"जाळीत काहीच आलं नाही" ही तक्रार दर वेळी असते. बहुतेकदा जाळी लावलेली असते संथ डोहात, नाहीतर ती असते मच्छरदाणीच्या कापडाची. त्यातून बारीक अळ्या सहज निसटतात. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी घ्या, तिचं तोंड प्रवाहाकडे करा आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने दगड ढवळा. मग सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून दोन मिनिटं गप्प बसा. घाबरलेल्या अळ्या लगेच हलत नाहीत. पाण्याचा नमुना हवा असेल तर तो या ढवळाढवळीच्या आधी घ्या आणि नेहमी खालून वर चढत जा. नाहीतर बाटलीत तुमच्याच पायांचा गाळ येतो.

आता माझी फजिती. एका झऱ्याच्या तोंडाशी तांबूस शेवाळासारखा थर आणि त्यावर तेलाचे इंद्रधनुषी तवंग दिसले. कुणीतरी ऑईल ओतलं म्हणून मी गावभर बोंब ठोकली. गुरं राखणारे एक मामा हसले. "मास्तर, त्येल न्हवं त्ये. काटी घालून बघा की." काठी फिरवली तर तवंगाचे काचेसारखे तुकडे पडले आणि तुटलेलेच राहिले. खरं तेल पुन्हा एकत्र येतं. आमचा जांभा खडक लोखंडाने भरलेला, त्यातून झिरपणाऱ्या लोहावर जगणाऱ्या जिवाणूंची ती करामत होती. पालापाचोळ्याने चहासारखं झालेलं पाणी, धबधब्याखालचा थोडा फेस, हेही बहुतेक वेळा नैसर्गिकच असतं. फेसाला साबणाचा वास येत असेल तर मात्र वर धुणं धुतात का ते पाहा.

दुसरी हौस म्हणजे श्रमदानातून ओहोळ "साफ" करणं. प्लास्टिक काढा, जरूर काढा. पण आडवं पडलेलं लाकूड आणि कुजणारा पाला ओढून काठावर टाकू नका. दाट सावलीत शेवाळ फारसं वाढत नाही. तिथे पाला हेच अन्न असतं आणि अनेक अळ्यांचा, खेकड्यांचा संसार त्यावर चालतो. काठावरची शेरणी, करंज, जांभूळ तोडून जागा "मोकळी" केली की ऊन पडतं, पाणी तापतं आणि रानमोडीचं तण घुसतं.

पाण्यातला प्राणवायू मोजायचा मीटर असेल तर तापमान आणि वेळ लिहायला विसरू नका. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. कणकुंबीला मलप्रभेचा उगम ७९२ मीटरवर. त्या उंचीला हवेचा दाब कमी, त्यामुळे हे आकडे आणखी आठ-नऊ टक्क्यांनी उतरतात. भर दुपारचा एकच आकडा घेऊन खूश होऊ नका. शेवाळ असेल तर पहाटे तोच आकडा बराच खाली जातो.

गुणांकनाचंही तसंच. पाण्यातले कीटक, गोगलगायी वगैरेंच्या कुळांना १ ते १० गुण देणारी बीएमडब्ल्यूपी यादी मूळची ब्रिटनची. तिथली कित्येक कुळं इथे नाहीतच, मग गुण कमी पडले म्हणून ओहोळ आजारी कसा ठरेल? तुलना करायची तर त्याच खडकातल्या, तेवढ्याच रुंदीच्या, वर शेत किंवा वस्ती नसलेल्या ओहोळाशी करा. खानापूरजवळच्या रुंद मलप्रभेशी नको.

हंगामाचं थोडक्यात. ऐन पावसाळ्यात पूर अळ्या वाहून नेतो आणि जळवा तुम्हाला उभं राहू देत नाहीत. नोव्हेंबर ते जानेवारीत एकदा आणि एप्रिल-मेमध्ये एकदा, त्याच जागी जा. उन्हाळ्यात प्रवाह तुटून नुसते डोह उरले म्हणून ओहोळ "मेला" असं लिहू नका. काही ओहोळ मुळातच हंगामी असतात, आणि मासे त्या डोहांतच जीव धरून बसतात.

भीमगड अभयारण्यात पाय टाकण्याआधी वनखात्याची परवानगी काढा. एकट्याने जाऊ नका, या रानात अस्वलं आहेत. आणि उचललेला दगड जसा होता तसाच, खालची बाजू खालीच करून ठेवा.